थंड इंजिन

डेल्बर्ट राऊशने किंमत सांगितली ती दिगंबरला,
कारण टोपी त्याच्या डोक्यावर होती.
दिगंबरने बोट माझ्याकडे केलं.
तोवर मी गवतात उताणी, टॉर्च दातांत धरून,
इंडियानात, ब्राउन्सटाउनच्या पलीकडच्या एका कोठारासमोर,
छोट्या लाल ट्रॅक्टरच्या पोटाखाली.

रंग नवा. जरा जास्तच नवा.
वरून कीर्तन आतून तमाशा नको, म्हणून
आधी सीटखालची पट्टी शोधली.
रंगवणाऱ्याने तिच्यावरूनही ब्रश फिरवलेला.
नखाने खरवडलं, तेव्हा आकडे उजेडात आले:
सांगाडा एकोणसत्तरचा,
बॉनेट दोन वर्षांनी धाकटं, कुठल्या तरी भावंडाचं.
बाजूला बारा घोड्यांचा स्टिकर,
आत दहा घोड्यांचा ठोकळा.

पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं.
पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखं डुगडुगलं.
बुशिंग गेलेत. तीस डॉलर आणि एक रविवार.
गिअरचं तेल काकवीसारखं काळं, पण दुधाळ नाही,
म्हणजे पाणी शिरलेलं नाही.
ग्रीसच्या प्रत्येक तोटीवर ताजं ग्रीस,
त्याखाली जुनं, त्याखाली त्याहून जुनं.
हे काही एका शनिवारात होत नाही.

तीस वर्षं मी कारखान्यात
दुसऱ्यांच्या हातच्या चुका मोजल्या,
हजारांशाच्या हिशेबात.
झाकणारा हात आणि जपणारा हात
एकाच माणसाचे असले, तर ते मोजायचं गेज
आमच्या कपाटात नव्हतं.

मग पालथा हात सिलिंडरला लावला,
लेकराचा ताप बघावा तसा.
गरम.
"आज सुरू केला होता?"
"नाही," डेल्बर्ट म्हणाला. दिगंबरलाच.

गरम इंजिन कोणाच्याही हातून सुरू होतं.
मी एक बादली उपडी घातली आणि बसले.
"थंड होऊ दे."

कॉफी आली, पाण्याला वास लावल्यासारखी.
दिगंबरने ट्रेलरचे पट्टे चारदा मोजले.
बोलायला कोणाकडे काही नव्हतं,
म्हणून मी जमिनीकडे बघत राहिले, आणि दिसली
ओल्या गवतात चाकांची जोडरेघ:
कोठारापासून निघालेली,
नासपतीच्या झाडाला वळसा घालून
कपड्यांच्या रिकाम्या दोरीखालून
टपालपेटीपर्यंत, आणि परत.
गवत कापलेलं नव्हतं. नुसतं दबलेलं.
सकाळी कोणीतरी बिनकामाची एक फेरी मारली होती.

मी पुन्हा विचारलं नाही.
पण उठलेही नाही; हात अजून कोमट सांगत होता.

तासाने चोक ओढला.
पहिल्यांदा नुसता खोकला.
दुसऱ्यांदा खोकून गप्प.
तिसऱ्यांदा निळा भपकारा, आणि मग ठोका लागला,
असा एकसारखा, की दिगंबरची मान टोपीसकट हलू लागली.
धूर लगेच विरला.
व्हॉल्व्हचे गाइड झिजलेत. रिंगा शाबूत.

त्याचे नऊशे. मी साडेसहाशे ठरवून आलेली.
"यातले दोन घोडे कागदाचे आहेत," स्टिकरवर बोट ठेवत मी म्हटलं.
तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला:
"ते मार्लाने लावले. माझ्या साठीला.
म्हणाली, आता तुला जास्त लागतील."

सातशे ऐंशीला तुटलं.
चाकाचे कापले, गाइडचे कापले,
स्टिकरचे काही कापले नाहीत.

ट्रेलर हलला तेव्हा तो मागून भरभर आला,
तंबाखूच्या डब्यात पिना, दोन प्लग, एक जुना पट्टा.
"दुसरा गिअर निसटतो," खिडकीत वाकून म्हणाला,
"चढणीला गुडघा लावून ठेवायचा."
"कुठला?"
त्याने उजवा पाय जरासा उचलून दाखवला.

चाक, तेल, आकडे, धूर, सगळं बघितलं होतं मी.
त्याची पँट नव्हती बघितली,
उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला
घासून घासून पांढरी झालेली.